रुमाल टाकलेली जागा

माझ्या धंद्यातलं दुखणं एकच, जागा. दुकानाची म्हणत नाही मी. दुकान गोरेगावच्या बाजारात चांगलं ऐसपैस आहे, पुढे बाक आहे, बाकावर रिकामटेकडे आहेत. मी म्हणतोय ती कॉम्प्युटरमधली जागा. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो मी. कॅमेरेवाले लग्न शूट करतात आणि सगळं कच्चं शूटिंग माझ्या डोक्यावर आणून ओततात. मग हळदीपासून पाठवणीपर्यंत मी बसून कापायचं, जोडायचं, नवरा-नवरीच्या मागे फुलं उडवायची. फुलं उडवून उडवून डोळ्यांचं वाटोळं झालं. सीझनमध्ये डिस्क कायम गच्च, एकाचं लग्न पुसावं तेव्हा दुसऱ्याचं मावतं.

रत्नपाल हा डोंगरकड्याचा कॅमेरेवाला. पोरगा कामाचा आहे, पण घाईचा. आधी तो हार्डडिस्क घेऊन स्वतः यायचा, दोन गाड्या बदलायच्या, दिवस मोडायचा. मग त्यानंच ते सॉफ्टवेअर शोधलं, लोक पिक्चर उतरवायला वापरतात ते. त्याच्या लॅपटॉपवरची फाईल तुकड्यातुकड्यानं थेट माझ्या कॉम्प्युटरवर येते, मध्ये कोणाची वेबसाईट नाही की भाडं नाही. फक्त दोन्हीकडची मशीन चालू पाहिजेत. त्यानं लॅपटॉप बंद केला की इकडे आहे तिथं थांबलं. आणि तुकडे काही रांगेनं येत नाहीत, मिळेल तिथला उचलून आणतं. आधी जेवणाची पंगत, मग हळदीचा एक घास, मग पुन्हा पंगत.

मागच्या सीझनला एक मोठं लग्न असंच उतरत होतं, आणि संपत आलं तेव्हा डिस्क फुल. मधल्या वेळात दुसऱ्या कोणाचं तरी बारसं त्या जागेत घुसलं होतं. माझं डोकंच फिरलं. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन मी एक खूण करून टाकली, की डाऊनलोड सुरू होतानाच पूर्ण फाईलची जागा डिस्कवर धरून ठेव. म्हणजे लग्न साठ जीबीचं असलं तर पहिल्या मिनिटालाच साठ जीबी अडवले, पुन्हा कोणी त्यात घुसायची भानगड नाही. फाईली लगेच दिसायला लागतात, नावासकट, आकारासकट. आत मात्र काही नसतं, तुकडे येतील तसतसं भरत जातं. सोय चांगली आहे, आजही मी चांगलीच म्हणेन. रत्नपालला मी हे समजावून सांगितलं होतं. तो तेव्हा भजी खाऊन राहिला होता आणि मान हलवून राहिला होता.

तर पुजाचं लग्न. आमच्या गावापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या पेमाची ही लेक. पेमा शेती करतो आणि गरजेपुरतं बोलतो. त्याची बायको रूपाबाई मात्र आसपासच्या सगळ्या तांड्यांत माहीत. त्यांच्यात नवरी सासरी निघाली की तिला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी करतात, आणि ती हात वर करून गाण्यात माहेराचा निरोप घेते. हवेली म्हणतात त्या गाण्याला. आता पोरी हिंगोलीला शिकायला राहतात, कोणाला येतंय ते. म्हणून लग्न असलं की रूपाबाईला बोलावणं जायचं. ती बैलाजवळ उभी राहून एकेक ओळ सांगायची, नवरी मागून म्हणायची. खरं तर नवरीचं कोणी ऐकत नव्हतं, सगळे रूपाबाईचं ऐकायचे.

मी तो आवाज कितीदा हेडफोनमध्ये ऐकला असेल. आणि दरवेळी त्यावर पिक्चरचं रडकं गाणं चढवलं, कारण गिऱ्हाईकाला तेच पाहिजे असतं. पाठवणीला ठरलेली चार गाणी आहेत, त्यातलं एक नसलं तर लोक व्हिडिओ परत आणतात. कच्चं शूटिंग तर डिलिव्हरी झाली की पुसायचंच असतं. त्यामुळे एवढ्या लग्नांत गायलेली ही बाई कुठंच शिल्लक नव्हती.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल, जीव वाचेल पण बोलणं जाईल. पेमानं म्हणे एवढंच विचारलं, की पोरीच्या लग्नापर्यंत थांबता येईल का. उन्हाळ्यात धरलेलं लग्न त्यांनी अलीकडे ओढलं, आईनं लेकीला हवेली सांगावी म्हणून. घोगऱ्या गळ्यानं का होईना, बाईनं सांगितली. एक पेमा सोडला तर तांड्यात कोणाचा डोळा कोरडा राहिला नाही म्हणतात. रत्नपालनं आधीच सगळ्यांना मोबाईल खिशात घालायला लावले होते, फ्लॅशनं बैल बुजतो आणि फ्रेममध्ये हात येतात म्हणून. लोकांनीही ऐकलं. रत्नपाल मला फोनवर म्हणाला की गाण्याच्या वेळी कॅमेरा हललाय माझा, सांभाळून घ्या.

ऑपरेशनला निघायच्या आधी पेमा दुकानात आला. बाकावर टेकला, पाणी प्यायला, आणि उठता उठता बोलला.

"बाकी काय बी कापा, विजयभाऊ. तेवढं गाणं कापू नका, त्याच्यावर दुसरं चढवू बी नका. तिला घरी आणल्यावर ऐकवायचं हाय."

मी म्हणालो, कापणार नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता, सोपं काम होतं.

रत्नपालनं डोंगरकड्याहून पाठवायला सुरुवात केली आणि मी इकडे उतरवायला लावलं. त्याच दिवशी सासूबाईंना मोतीबिंदूसाठी हिंगोलीला न्यायचं होतं. दुकानावर बायको, करुणा. झेरॉक्स, फोटो, मेमरी कार्ड भरून देणं, सगळं तिला येतं. आमच्या धंद्यात एक पद्धत पडलेली आहे. कार्डातून कॉम्प्युटरवर माल घेतला की पूर्ण आला की नाही हे कोणी चालवून बघत नाही, एवढा वेळ कोणाच्या बापाला आहे. दोन्हीकडचं जीबी बघायचं. जुळलं की कार्ड खाली करून मोकळं. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि कधी चुकलं नाही.

मी दवाखान्यात, फोन बंद. रत्नपालला दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्याला लग्न शूट करायचं होतं, कार्डं पाहिजे होती, लॅपटॉपही भरलेला. मला फोन लागेना म्हणून त्यानं करुणाला लावला आणि विचारलं, वहिनी, पुजाच्या फोल्डरचं जीबी किती दाखवतंय. तिनं माऊस फिरवून बघितलं आणि सांगितलं. आकडा जुळला. त्यानं फाईली किती तेही विचारलं, त्याही जुळल्या. मग त्यानं लॅपटॉपवरून पुजाचं लग्न पुसलं, कार्डं फॉरमॅट मारली आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावून झोपला. दुसऱ्या दिवशी त्याच कार्डांवर नाक्याचं लग्न शूट केलं, आणि घरी येऊन त्याच लॅपटॉपवर ओतलं.

सासूबाईंच्या डोळ्याला पट्टी बांधून मी तिसऱ्या दिवशी परत आलो, तेव्हा स्क्रीनवर पुजाचं लग्न अर्ध्याच्याही अलीकडे थांबलेलं होतं. समोर पाठवणारा कोणी नाही. मला वाटलं डोंगरकड्याची लाईट गेली असेल. चहा पिऊन निवांत फोन लावला आणि म्हणालो, लॅपटॉप चालू कर बाबा, अडकलंय.

"काहून? झालं न्हाई का?" रत्नपाल म्हणाला. "वहिनी म्हणल्या जीबी बराबर हाय."

मी खुर्चीवर बसलोच होतो, तरी आणखी खाली बसल्यासारखं झालं. कार्डाचं विचारलं. त्यानं सांगितलं. मग मी त्याला जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. तोही बिचारा ऐकून घेत राहिला आणि शेवटी फोनवरच रडायला लागला. फोन ठेवल्यावर मी करुणाकडे वळलो. तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "त्यानं जीबी विचारलं, मी जीबी सांगितलं." तिचं काही चुकलं नव्हतं. मला त्याचाच जास्त राग आला, कारण तो काढायला जागा नव्हती.

रत्नपाल कार्डं आणि लॅपटॉप घेऊन नांदेडला गेला, पुसलेलं परत काढून देणाऱ्याकडे. तिथं पंगतीचे काही फोटो निघाले. तांड्यात कोणाच्या मोबाईलमध्ये काही आहे का, तेही आम्ही गुपचूप विचारून बघितलं. एका पोराकडे होतं, पण तो बँडच्या भोंग्याशेजारी उभा होता. माझ्याकडे जे आलं होतं ते मी उघडून बघत बसलो. नवरदेवाच्या मामाला फेटा बांधतात ते पूर्ण आलं होतं. मंडपातलं एक कुत्रं पूर्ण आलं होतं. पंगत तर अशी आली होती की कोणी किती जिलब्या हाणल्या ते मोजून घ्या. आणि गाण्याची फाईल, ऐन गाण्याची, आकारानं सगळ्यात मोठी, आतून जवळजवळ कोरी. मी कपाळावर हात मारून घेतला.

पेमा आणि रूपाबाई नांदेडहून परत आले. त्यानंतर पेमा दर बाजाराला दुकानात यायला लागला. यायचा, बाकावर बसायचा, काम चालू हाय का म्हणून विचारायचा. मी व्हय म्हणायचो. तो घाई नाही म्हणायचा, उठून जायचा. एखाद्यानं भांडावं, शिव्या द्याव्यात, माझी तयारी असते. सीझनमध्ये रोज कोणी ना कोणी भांडतंच. पण हा माणूस घाई नाही म्हणायचा आणि मला उरलेला दिवस कामच सुधरायचं नाही. कोणाच्या तरी नवरीच्या मागे फुलं उडवता उडवता हात थांबायचा. थकलो होतो मी. झोपून न जाणारा थकवा असतो ना, तो.

खोटं मी एका बाबतीत बोलत नव्हतो, काम खरंच चालू होतं. त्या कॅमेऱ्याच्या फाईली अशा असतात की मधला तुकडा सापडला तर तो तेवढाच वाजवता येतो. मी त्या कोऱ्या फाईलीत चाळण घेऊन बसल्यासारखा बसायचो. बहुतेक ठिकाणी काहीच नाही. कुठं नुसती खरखर, कुठं बैलाच्या शिंगाचा गोंडा हलता हलता गोठलेला. गाण्याच्या अगदी आधीचा एक तुकडा तेवढा धड निघाला, चित्र नाही, नुसता आवाज. त्यात गाणं नव्हतंच. मी तो ऐकला आणि वैतागून बाजूला ठेवला, की एवढ्या मोठ्या फाईलीतून हे आलं.

शेवटी करुणा म्हणाली, "तुम्ही सांगता का मी सांगू?" मी म्हणालो, रत्नपालनं सांगावं, त्यानं घाण केली. रत्नपालला बोलावलं तर त्याचा फोन बंद. म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात. नशीबच असलं.

पुढच्या बाजारी दुपारी पेमा आला तो रूपाबाईला घेऊन. बाई अर्धी झाली होती. गळ्याभोवती पांढरं फडकं बांधलेलं, श्वासाबरोबर ते हलायचं. करुणानं तिला पंख्याखाली खुर्ची दिली. तिनं माझ्या कॉम्प्युटरकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघून हात जोडले. तिच्या हात जोडण्यानं माझा धीर सुटला. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना मी नंतर या म्हणालो, दार लोटलं, आणि बोलायला बसलो.

म्हणालो, पेमाभाऊ, गाणं आलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. जीबी, तुकडे, सेटिंग असलं काहीबाही मी बरळलो, आणि त्यातलं काही त्यांच्यापर्यंत जात नाही हे मला दिसत होतं. मग म्हणालो, "सेनगावच्या जीपमध्ये आपण खिडकीतून रुमाल टाकतो की न्हाई? रुमाल पडला की सीट भरली. माणूस अजून टपरीवर चहा पिऊन राहिलेला असतो. माझ्या मशीननं तसा रुमाल टाकला होता. रत्नपालनं रुमाल बघितला, त्याला वाटलं माणूस बसला, अन् त्यानं जीप सोडून दिली."

पेमानं बायकोकडे बघितलं. बाहेर भाजीवाल्यांची ओरड चालू होती.

"म्हंजे ती मागंच राहिली," तो म्हणाला.

मी व्हय म्हणालो. रूपाबाईला सगळं समजलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. गळ्याचं फडकं तेवढं जोरात हललं. मग तिनं पेमाकडे बघून हातानं काहीतरी विचारलं, तो नाही म्हणाला, आणि ती खाली बघत बसली. मला मरणाचं वाईट वाटलं. एवढी वर्षं या खुर्चीत बसतोय, पण त्या दुपारी वाटलं की उठावं, शटर ओढावं आणि पुन्हा हे तोंड दाखवू नये कोणाला.

काहीतरी द्यायचं म्हणून, रिकाम्या हातानं पाठवायला नको म्हणून, मी म्हणालो की एक तुकडा आहे, पण त्यात गाणं नाही, उगाच आशा धरू नका. पेमा म्हणाला, लावा.

मी लावला. आधी माणसांचा गलका, मग घुंगरांचा आवाज, आणि मग अगदी कॅमेऱ्याजवळून रूपाबाई. गाणारी नव्हे. त्यांच्या बोलीत, घोगऱ्या पण खणखणीत आवाजात, ती पेमावर खेकसत होती. बैल नीट धर, कुठं बघून राहिलास, पोरगी पडंल वरून, एवढं एक काम सांगितलं तर तेही धड नाही. मग खाटकन आवाज बंद. संपलं.

मी ओशाळलो होतो. म्हणालो, एवढंच आहे, कामाचं नाही. पेमाकडे बघितलं तर तो पुढे वाकलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि डोळ्यांतून पाणी. हा माणूस लग्नात रडला नव्हता म्हणतात, नांदेडला रडला नव्हता.

"पुन्यांदा लावा," तो म्हणाला.

मी लावला. पुन्हा लावला. दर वेळी रूपाबाई त्याला रागवायची आणि तो मान खाली घालून ऐकायचा. करुणा झेरॉक्स मशीनकडे तोंड करून उभी राहिली. शेवटी त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"गाणं समद्या तांड्यांचं व्हतं, विजयभाऊ," तो म्हणाला. "हे मला एकट्याला बोलायची. घर गप झालंय आता."

मग त्यानं खिशातून त्याचा छोटा बटणांचा फोन काढून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, फोन आला की हे वाजेल असं करता येतं का. हे माझं रोजचं काम. मी तुकडा बारीक केला, त्याच्या कार्डात टाकला, रिंगटोन लावून दिली आणि फोन परत दिला. त्यानं तो खिशात घातला. बराबर लागलंय का बघावं म्हणून मी माझ्या मोबाईलवरून त्याला फोन लावला.

पेमाच्या खिशातून रूपाबाई खेकसली. आणि तो माणूस एकदम ताठ झाला, बाकावरून अर्धा उठला, दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "व्हय व्हय, धरतो की."

खुर्चीतल्या रूपाबाईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते, हसते की रडते ते कळायला आवाज नव्हता. पेमा तसाच अर्धा उभा, तिच्याकडे बघत. फोन त्यानं उचलला नाही. मीही कापला नाही, वाजू दिला.